चार पोटांची चार घड्याळं

ग्वांगझू किंवा हाँगकाँगमधल्या न्गाउ-चापच्या, म्हणजे बैलाच्या पोट-आतड्यांच्या पदार्थाच्या, दुकानात नेहमीचं गिऱ्हाईक ओळखायची एक खूण आहे. वाडगा समोर येतो. वर बैलाच्या पोटाच्या पट्ट्या, आतड्याचे तुकडे, फोपशाचा, म्हणजे फुफ्फुसाचा, एखादा राखाडी चौकोन, खाली बारीक पिवळ्या नूडल्स, वर वाफ. नवखा माणूस आधी नूडल्स ओढतो. जुना माणूस काड्यांनी हे सगळं बाजूला सारतो आणि तळाशी दडलेला मुळ्याचा तुकडा उचलतो. पैसे मोजलेत पोटाचे, आणि पहिला घास वाडग्यातल्या सगळ्यात स्वस्त वस्तूचा. एकदा लक्षात आलं की ही गोष्ट सारखी दिसत राहते आणि खटकतही राहते. सवय म्हणावी तर इतक्या जणांची एकच सवय कशी?

उत्तर पातेल्यात आहे. मुळ्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी. शिजताना ते बाहेर येतं आणि त्या जागी पातेल्यातला रस शिरतो. पोट नीट घासलेलं नसेल, चरबी काढायचा कंटाळा केला असेल, चक्रीफूल जास्त पडलं असेल, मसाल्याची पेस्ट परतताना करपली असेल, तर ते सगळं मुळ्यात उतरतं. पोटाच्या पट्टीवर तिखट आणि सॉस घालून उग्रपणा झाकता येतो, मुळा मात्र काहीच झाकत नाही. पहिल्या घासाला मुळा खाणारा माणूस खरं तर पातेल्याची परीक्षा घेत असतो.

आणि मुळ्याला हे काम करावं लागतं, कारण पोट ते करू शकत नाही.

पोटाला स्वतःची चव जवळजवळ नसते. नीट धुतल्यावर एक हलका, गोठ्याची आठवण देणारा वास उरतो, बाकी सगळं बाहेरून येतं. लोक पैसे मोजतात ते दाताखालच्या जाणिवेसाठी. करकरीत, चिवट, लवचिक, लिबलिबीत, गुळगुळीत अशा सगळ्या जाणिवा एकाच जनावराच्या एकाच अवयवातून, कारण रवंथ करणाऱ्या प्राण्याचं पोट चार कप्प्यांचं असतं आणि चारही कप्पे वेगवेगळं काम करून वेगवेगळे घडलेले असतात. पशुपालनाची मासिकं वाचणाऱ्यांना कोटीपोट माहीत असेल. चाऱ्याची मोठी टाकीच ती. हिच्या आतल्या बाजूला टर्किश टॉवेलसारखे बारीक उंचवटे असतात, आणि भिंतीतून जाड स्नायूंचे बांध जातात. हे बांध म्हणजे कोटीपोटाचा सगळ्यात मोलाचा भाग. जाड असूनही नीट शिजले तर दाताखाली करकर वाजतात. त्याला चिकटलेलं छोटं जाळीदार पोट, ज्याला कँटनीज लोक ‘पैशाचं पोट’ म्हणतात. षटकोनी खणांची ही जाळी रस धरून ठेवते, म्हणून मांडणीत तिला मानाची जागा. तिसरं पडद्यांचं पोट, एकावर एक पातळ पानं. चौथं खरं जठर, गुळगुळीत, घड्यांचं, जरा ओशट. ते कमी जणांना आवडतं, पण ज्यांना आवडतं ते दुसरं काही मागत नाहीत.

घोळ सुरू होतो तो या चौघांना एकाच पातेल्यात एकाच वेळी टाकलं की. जाळीला मंद आचेवर दोन ते अडीच तास. कोटीपोटाच्या जाड बांधांना तीन, कधी साडेतीन. जठराला दीड तासात पुरे होतं, पुढे ते लगद्याकडे झुकतं. आतड्याला दोनच्या आसपास. पडद्याच्या पोटाचं घड्याळ तर सगळ्यांपेक्षा विचित्र: एक तर दहा-पंधरा सेकंद, नाही तर दोन तासांहून जास्त. मधल्या काळात ते रबर असतं. कारण सरळ आहे. पातळ पानं उकळत्या पाण्यात क्षणभर गेली की फक्त आकसून करकरीत होतात. तिथून पुढे तंतू आवळत जातात. त्यांना पुन्हा सैल करायचं तर आतल्या कोलॅजनचं जिलेटिन व्हायला हवं, आणि ते काम तासांचं आहे. चोंगचिंगच्या हॉटपॉटमध्ये हेच पान काडीत धरून लाल उकळत्या रश्शात सात वेळा वर, आठ वेळा खाली करायची रीत आहे. त्याचा हिशोब साधारण पंधरा सेकंदांवर येतो. बीजिंगच्या पाओ-तू या पदार्थात मेंढीच्या आणि बैलाच्या पोटाचे भाग वेगळे मांडलेले असतात आणि आचारी प्रत्येकाला त्याच्या त्याच्या सेकंदांनी पाण्यातून काढतो, मग तिळाच्या चटणीत बुडवून खायचं. उत्तरेचा हा सेकंदांचा खेळ आणि दक्षिणेचा तासांचा खेळ एकाच मालावर चालतो. मला यातला दक्षिणेचा खेळ जास्त अवघड वाटतो. सेकंद चुकले तर पुढचं पान घेता येतं. तास चुकले तर सगळा दिवसच गेला.

पण शिजवण्याआधी धुणं आहे, आणि त्याबद्दल गोड बोलण्यात अर्थ नाही. कच्चं पोट बघून बहुतेकांची भूक मरते. आपल्याकडे बोकडाची वजडी घरी साफ करणाऱ्यांना हे सांगायला नको: गरम पाणी, चुना, खरवडणं, मग हाताला दिवसभर येणारा वास. बैलाचं पोट आकाराने कितीतरी मोठं, पण तत्त्व तेच. एक किलोला दोन मोठे चमचे जाडं मीठ आणि अर्धी वाटी मैदा घेऊन कोरडंच पाच-सात मिनिटं जोरात चोळायचं. मीठ चिकट थर सोडवतं, मैदा तो ओढून घेतो. धुवायचं. पुन्हा मैदा आणि दोन चमचे व्हिनेगर घालून चोळायचं, धुवायचं. जाळीच्या खणांत बोट घालून बघायचं, कारण वाळू आणि चाऱ्याचे कण तिथेच अडकतात. मागच्या बाजूची पिवळी चरबी सुरीने काढून टाकायची. वाईट वास बहुतेक वेळा पोटाचा नसतो, या चरबीचा असतो. मग थंड पाण्यात आलं, कांद्याची पात आणि तांदळाची वाइन घालून पोट ठेवायचं, उकळी आणायची, दहा मिनिटं उकळू द्यायचं, फेस काढायचा आणि ते पाणी निःशंकपणे फेकायचं. उकळत्या पाण्यात एकदम टाकलं तर बाहेरची बाजू आवळते आणि आतली घाण आतच राहते, म्हणून सुरुवात थंड पाण्यापासून.

परदेशातल्या सुपरमार्केटात मिळणारं पांढरंशुभ्र पोट ही वेगळीच गोष्ट. ते कारखान्यात उकळून, बहुतेकदा हायड्रोजन पेरॉक्साइडने पांढरं करून आलेलं असतं. दिसायला स्वच्छ, घासायचे कष्ट नाहीत. पण ते अर्धं शिजलेलं असतं, म्हणून पाककृतीतले अडीच तास त्याला जास्त होतात. दीड तासानंतर दर दहा मिनिटांनी काडी टोचून बघणं बरं. रसायनाचा वास असेल तर दोन तास गार पाण्यात, तीनदा पाणी बदलून ठेवायचं आणि आलं घालून एकदा उकळायचं. एवढं करूनही रश्शाला जो दाटपणा यायला हवा तो येत नाही, कारण जिलेटिनचा बराचसा भाग कारखान्यातच वाहून गेलेला असतो. मिळत असेल तर मळकट तपकिरी, न धुतलेलं पोट घ्यावं. गोठ्याचा वास चालेल. अमोनियासारखा झणका येत असेल तर तिथेच ठेवून निघावं.

फोपसा हा सगळ्यात कष्टाचा. श्वासनळीत नळाचं पाणी सोडायचं, फोपसा फुगला की दाबून गुलाबी पाणी बाहेर काढायचं, आणि पाणी नितळ येईपर्यंत हे चालू. नंतर पातेल्यात उकळताना श्वासनळी पातेल्याच्या काठावरून बाहेर लटकत ठेवायची, खाली एक वाटी. आतला राखाडी फेस तिथून ओघळतो, रश्शात मिसळत नाही. हे न केलेला फोपसा वाडग्यात लगेच ओळखू येतो, रक्ताची एक कडवट चव मागे राहते. पानथरी, म्हणजे प्लीहा, वेगळीच शिजवायची. तिचा काळपट रंग सगळ्या रश्शाला गढूळ करतो आणि तिची रवाळ, काळजासारखी चव सगळ्यांना झेपत नाही.

आता पातेलं. दीड किलो मिश्र पोट आणि आतडं धरलं तर ५० ग्रॅम आलं ठेचून, आठ-दहा लसूण पाकळ्या, च्यू-हाउ पेस्ट तीन मोठे चमचे, लाल आंबवलेल्या टोफूच्या दोन वड्या, तांदळाची वाइन ५० मिलिलिटर, खडीसाखर ३० ग्रॅम, हलका सोया सॉस चार मोठे चमचे. च्यू-हाउ ही सोयाबीन, लसूण आणि तीळ यांची आंबवलेली पेस्ट, फोशानची. चीनच्या छिंग राजवटीच्या काळातल्या लेउंग च्यू-हाउ या आचाऱ्याचं नाव तिला आहे असं सांगतात. ती तेलात परतायची, पण आच मंद. तिच्यात साखर असते, मोठ्या आचेवर अर्ध्या मिनिटात करपते, आणि करपलेल्या पेस्टचा कडवटपणा पुढच्या तीन तासांत कुठेही जात नाही. मसाल्यात चार चक्रीफुलं, दालचिनीचा बोटभर जाड तुकडा (चिनी जाड साल, पातळ सिलोनी नव्हे), तमालपत्राची तीन पानं, ज्येष्ठमधाचे चार काप आणि त्साओ-क्वो एक. हा आपल्या मसाला वेलचीचा चुलतभाऊ. फोडून आतल्या बिया काढून टाकायच्या, नाही तर औषधाचा वास येतो. शेवटी शिन्हुईची सुकवलेली संत्र्याची साल, निदान तीन वर्षं मुरलेली. भिजवून आतला पांढरा थर खरवडायचा, कडूपणा तिथेच असतो. सगळे मसाले कापडाच्या पुरचुंडीत बांधायचे आणि सव्वा तासाने पुरचुंडी बाहेर काढायची. ती शेवटपर्यंत ठेवली तर रस्सा काढ्याच्या वाटेने जातो. घरात कुणाला सर्दी झाल्यावर उकळतात तेच तर सगळं आहे यात.

पाणी तीन लिटर, आणि ते कधीही खळखळू द्यायचं नाही. पृष्ठभागावर अधूनमधून एखादा बुडबुडा, एवढीच आच. खळखळलं की जाळीचे काठ फाटतात, चरबी रश्शात घुसळली जाते आणि रस्सा ढगाळ होतो. सोया सॉसचा अर्धा भाग आणि साखर शेवटच्या तासात, कारण रस्सा आटत जातो आणि सुरुवातीला बरोबर वाटलेलं मीठ शेवटी खारट लागतं. सगळ्यात जाड तुकडे आधी, मग अर्ध्या-अर्ध्या तासाच्या अंतराने बाकीचे. अशी चारही घड्याळं एका क्षणाला एकत्र आणायची. कापायचं नंतर. कच्चं कापलं तर तुकडे एक तृतीयांशाहून जास्त आकसतात, वाडग्यात दिसेनासे होतात. म्हणून दुकानात मोठे तुकडे शिजतात आणि वाढताना आचारी हातातल्या कात्रीने कच्-कच् कापत थेट वाडग्यात टाकतो. त्या कात्रीचा आवाज हीच अशा दुकानाची पाटी. शिजलं की लगेच वाढायचं नाही. आच बंद करून तासभर त्याच रश्शात बसू द्यायचं. गार होत जाणारं पोट रस आत घेतं, उकळतं पोट घेत नाही.

प्रेशर कुकरचा मोह मराठी स्वयंपाकघरात होणारच. शिट्ट्या मोजून वजडी करणाऱ्याला तीन तास ऐकून हसू येईल. जाळीला कुकर चालतो: पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर वीस मिनिटं, वाफ आपोआप जिरू द्यायची, मग उघड्या पातेल्यात मसाल्यासकट चाळीस मिनिटं. कोटीपोटाच्या बांधांना चालत नाही. बाहेरून गळतात, आतून कडकच राहतात, आणि करकर जाते. करकर गेल्यावर या पदार्थात खायचं काय?

मुळा शेवटी, आणि वेगळ्या पातेल्यात. पोटासोबत सुरुवातीपासून टाकला की त्याचं पाणी रस्सा पातळ करतं, तो स्वतः फुटतो, आणि मुळा घातलेला रस्सा लवकर आंबतो. दुकानदाराला तो रस्सा गाळून, उकळून उद्यासाठी राखायचा असतो, म्हणून त्याला हे परवडत नाही. साल जाड काढायची, तीन-चार मिलिमीटर, कारण सालीखाली एक रेषाळ कडसर थर असतो. ओबडधोबड, तिरपे तुकडे करायचे, म्हणजे रस शिरायला जास्त बाजू मिळतात. साध्या पाण्यात आठ मिनिटं उकळून ते पाणी टाकायचं, मग पोटाचा गाळलेला रस्सा बुडेल इतका घालून चाळीस मिनिटं मंद. हिवाळ्यातला मुळा गोड असतो. उन्हाळ्यातला पोकळ आणि तिखट निघाला तर चिमूटभर साखर घालून बघावं, फारसा उपयोग होत नाही. चांगल्या दुकानांचाही मुळा उन्हाळ्यात खाऊ नये असं माझं मत. तेव्हा नुसतं पोट मागवावं.

इतक्या तासांच्या मेहनतीवर पाणी फिरवायला नूडल्सना एक मिनिट पुरतं. कँटनीज बारीक नूडल्स गव्हाचं पीठ, बदकाची अंडी आणि अल्कली पाणी यांच्या. जुन्या पद्धतीत पिठाच्या गोळ्यावर जाड बांबू ठेवून त्याच्या एका टोकावर बसून माणूस उड्या मारत पीठ दाबत जातो. पाणी फार कमी असतं, म्हणून हाताने ते मळलंच जात नाही. एका वाडग्याला ७०-८० ग्रॅम. भरपूर खळखळत्या पाण्यात वीस सेकंद, लगेच गार पाण्याखाली धुवायच्या, मग पुन्हा उकळत्या पाण्यात दोन-तीन सेकंद आणि वाडग्यात. गार पाण्याने अल्कलीचा उग्र, साबणासारखा वास जातो, वरचा पिठूळपणा धुतला जातो आणि नूडल आवळते. ही पायरी गाळणाऱ्या दुकानात नूडल्सचा गोळा होतो. दुसरी चूक म्हणजे वाडगा पोटाच्या रश्शानेच भरणं. तो दाट आणि खारट असतो, नूडल्सला चिकटतो. हाडांचं वेगळं, पातळ, नितळ सूप ३५० मिलिलिटर आणि त्यावर पोटाच्या रश्शाचा एक डाव, एवढं प्रमाण जमतं. नूडल्स नको असतील तर रुंद तांदळाच्या हो-फन घ्याव्यात, त्यांना दहा सेकंद पुरतात. लसणाची मिरची-चटणी वाडग्यात कालवू नये. एका बाजूला ठेवावी, पट्टी बुडवून खावी.

हे सगळं करणारा पदार्थ स्वस्त समजला जातो, याची गंमत वाटते आणि थोडा रागही येतो. चीनमध्ये बैल शतकानुशतकं नांगराचा. तांगपासून छिंगपर्यंतच्या राजवटींच्या कायद्यांत शेतीचा बैल मारणाऱ्याला शिक्षा होती, आणि आजही दक्षिण चीन आणि तैवानमधल्या अनेक शेतकरी घरांत, कुआन-यिन या करुणेच्या देवीच्या भक्तांत गोमांस वर्ज्य आहे. तैवानची प्रसिद्ध गोमांस-नूडल तर १९४९ नंतर मुख्य भूमीवरून आलेल्या सैनिकांसोबत रुजली. महाराष्ट्रात गाय कापण्यावर आधीपासून आणि बैल-वळू कापण्यावर २०१५ पासून बंदी आहे, म्हैसवर्ग चालतो. इथल्या वाचकाला नांगराच्या बैलाबद्दलची ती जुनी चिनी घालमेल परकी वाटू नये. रेड्याचं पोट जास्त जाड, त्याला वर दिलेल्या वेळांपेक्षा अर्धा तास वाढवून धरावा. तर, मांस महाग आणि दुर्मीळ, म्हणून कोथळा गरिबाच्या वाट्याला आला. चोंगचिंगमध्ये गोदीवरच्या हमालांनी आणि नावाड्यांनी तो तिखटात बुडवला असं सांगतात. हाँगकाँगमध्ये १९५० च्या दशकात निर्वासितांनी हातगाडीवर पत्र्याचे खण करून एका खणात रस्सा, एकात नूडल्स, बाकीच्यांत पोट, आतडं, मुळा मांडला. लोक त्याला ‘घाणेरड्या नूडल्स’ म्हणत आणि रोज खात. १९६२ पासून मुख्य भूमीवरून जिवंत जनावरं घेऊन येणाऱ्या खास रेल्वेगाड्या सुरू झाल्या, त्यामुळे ताजं पोट मिळत राहिलं. आज सेंट्रल या हाँगकाँगच्या व्यापारी भागातल्या गट्झलाफ स्ट्रीटवरच्या ‘शुई की’सारख्या उघड्यावरच्या दुकानापुढे सुटाबुटातली माणसं रांगेत उभी असतात. माल स्वस्तच आहे. महाग आहेत ते धुणारे हात, आणि ते हात आता सापडत नाहीत. म्हणूनच अनेक ठिकाणी गोठवलेलं, आधीच पांढरं केलेलं पोट शिरलं आहे, आणि फोपसा तर यादीतून गळत चालला आहे.

जायचं असेल तर दुपारच्या गर्दीनंतर जावं. सकाळी पातेलं अजून पातळ असतं, पोटात रस मुरलेला नसतो. रात्री उशिरा रस्सा आटून खारट झालेला असतो, आणि जठराचे उरलेले तुकडे काडीने उचलले तर तुटतात. आणि पार्सल न्यायचं झालं तर नूडल्स, नितळ सूप आणि पोट तिन्ही वेगळं बांधून मागावं. नूडल्स धुऊन थोडं तेल लावून द्यायला सांगावं. न सांगता दिलेलं पार्सल घरी उघडेपर्यंत सूप संपलेलं असतं, ते नूडल्सनी पिऊन टाकलेलं असतं, आणि वर पोटाच्या पट्ट्या कोरड्या पडलेल्या असतात. त्यांना मग एक वाटी पाणी आणि आल्याचा तुकडा घालून पुन्हा गरम करता येतं, दहा मिनिटं, झाकण ठेवून. नूडल्स मात्र नव्याने उकळाव्या लागतात.